ल्हासातलं बटण

आमच्या घरात दोन बल्ब होते, पण एका वेळी एकच जळायचा. मी अभ्यासाला बसलो की स्वयंपाकघरातला विझायचा आणि आई चुलीच्या उजेडात भाकऱ्या थापायची. अण्णा, माझे वडील, इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला. त्या एका बल्बखाली मी घराण्यातला पहिला इंजिनिअर झालो आणि आयर्लंडला, लिक्सलिपच्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात लागलो. (हे मी सगळ्यांना सांगतो. न विचारता.)

आईला कैलास बघायचा होता. वाटेत त्या दोघांचा तिबेटात, ल्हासाला मुक्काम. मी ऐटीत पंचतारांकित हॉटेल ठरवलं. तिथे हवा इतकी विरळ, की खोलीत भिंतीतून ऑक्सिजन सोडतात!

सकाळी कामावर निघताना टॅबवर व्हिडिओ कॉल लावला. अण्णा मऊ पांढऱ्या झग्यात, पण धापा टाकत. ओठ निळसर!

"अण्णा, काय होतंय?"

"कुठं काय... उंचावर... आलोय न्हवं."

मागून आई म्हणाली, "आरं, ह्यांनी भिंतीतलं बटण बंद केलंय. सूं सूं करून फुकट जळतंय म्हणं!"

"अण्णा, तो ऑक्सिजन आहे! आधी चालू करा!"

"खिडकी... उघडी हाय की. वारं... मायंदाळ हाय!"

मी ओरडत स्वयंपाकघरभर येरझाऱ्या घालू लागलो. "आई, त्यांचं ऐकू नकोस! तूच दाब ते..."

आणि स्क्रीन गोठली. अण्णांचं तोंड उघडं, डोळे मिटलेले!

मी मोबाईलवरून हॉटेलला फोन लावला, तर होल्डवर नुसती बासरी वाजतेय. पुन्हा लावला. पुन्हा बासरी! अण्णांना काही झालं तर? त्या हॉटेलात मीच पाठवलं होतं...

"डॅड," टोस्ट खाता खाता लेक इरा म्हणाली, "यू टर्न्ड ऑफ द वायफाय. अगेन!"

बघतो तर काय! येरझाऱ्या घालताना मी किटली, टोस्टर, राउटर, भिंतीवरचं दिसेल ते बटण बंद करत सुटलो होतो!

राउटर सुरू व्हायला युगं लागली. मग अण्णा दिसले. उशीला टेकलेले, ओठ लाल, मागे सूं सूं चालू. लग्नानंतर पहिल्यांदाच आईने त्यांना न विचारता बटण दाबलं होतं.

"तुमच्याकडं लाईट गेली व्हय रं?" अण्णांनी काळजीने विचारलं.

"हो," मी म्हणालो.

आई-अण्णा कैलास डोळे भरून पाहून सुखरूप परतले. आमच्या राउटरच्या बटणावर आता चिकटपट्टी आहे. तिच्यावर इराने लिहिलंय: 'डॅड, हात लावायचा नाही!'