दुसरा ड्रायव्हर द्या

बस डेपोत एकतीस वर्षं गाड्या वेळेवर सोडून माणूस निवृत्त झाला, की त्याने आता आराम करावा अशी जगाची अपेक्षा असते. कंट्रोलरांनी ती पुरी केली नाही. घरी बसल्याच्या चौथ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांना नंबर दिले, आणि बायकोने त्यांना कोपरापासून हात जोडले. "अहो, आता बाहेर कुणाचं तरी भलं करा. माझं पुरे झालं."

त्यातून ही सेवा निघाली. वस्तीतल्या ज्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना बसमध्ये चढवत नाही, त्यांना दवाखान्यात, बँकेत, बाजारात न्यायचं आणि परत दारात आणून सोडायचं. गाड्या शेजाऱ्यांच्या, चालवणारेही शेजारीच, सगळं फुकट. कचेरी म्हणजे कंट्रोलरांची बाहेरची खोली. तिथे एक फोन, एक रजिस्टर आणि भिंतीवर सात ड्रायव्हरांचा तक्ता. नोंदणी फक्त फोनवर, सकाळी दहा ते बारा. कुणी दारात येऊन सांगितलं, तर कंट्रोलर त्याला घरी जाऊन फोन करायला लावत. आठवे ड्रायव्हर ते स्वतः, आणि त्यांच्या मते पहिले.

घोडं अडलं होतं ते डोळ्यांपाशी. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ऑपरेशन होईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. कंट्रोलरांनी तो कागद खणाच्या तळाशी सरकवला आणि घरी सांगितलं, "थेंब दिलेत." थेंब खरोखरच दिले होते, त्यामुळे आपण खोटं बोललो असं त्यांना वाटत नव्हतं. रस्ते तर तोंडपाठ होते. डोळे उघडे ठेवायचे ते केवळ रीत म्हणून.

मग रजिस्टरातला तक्रारींचा रकाना भरू लागला. शिंपीकाका म्हणाले, तुमची सीट फार खाली आहे. कंट्रोलरांनी उशी आणली. निवृत्त पोस्टमन म्हणाले, गाडीतल्या अत्तराने डोकं दुखतं. अत्तराची बाटली गेली. गाणं शिकवणाऱ्या बाईंचा मोडलेला पाय नुकताच प्लास्टरमधून निघाला होता. दर मंगळवारी व्यायामाला गेलं नाही, तर गुडघा कायमचा आखडेल असं त्यांना बजावलेलं होतं. त्या म्हणाल्या, चढताना फार उंच पडतं. कंट्रोलरांनी सुताराकडून लाकडी पायरी करून घेतली. तरी एका मंगळवारी बाईंकडे पाहुणे आले, पुढच्या मंगळवारी सर्दी झाली, त्याच्या पुढच्या मंगळवारी पुन्हा पाहुणे.

"लोकांना सोयीची किंमत नाही," कंट्रोलर बायकोला म्हणाले.

भाजी निवडता निवडता तिने नुसतं "हं" केलं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला.

"उद्या अकराला दाताच्या दवाखान्यात जायचंय." आवाज फोनमधूनही आला आणि स्वयंपाकघरातूनही.

"अगं, आतून काय फोन करतेस?"

"समोर येऊन सांगितलेलं चालत नाही ना तुमच्यात."

"बरं. उद्या मी मोकळाच आहे."

"दुसरा ड्रायव्हर द्या."

कंट्रोलरांचं पेन थांबलं. "कारण?"

"ड्रायव्हरला दिसत नाही. अस्संच लिहा. परवा कोपऱ्यावर गाडी थांबवून तुम्ही टपालपेटीला 'या, आधी तुम्ही जा' म्हणून हात केलात."

"ती रस्त्याच्या कडेला उभी होती!"

"वीस वर्षं उभी आहे ती. आणि खणातला कागद मी कधीच वाचलाय."

कंट्रोलर तरातरा आत गेले. पण दारापर्यंत पोचेतो राग संपला आणि नुसती भीती उरली. "गाडी सोडली तर मी कोण गं? फोनवर बसलेला म्हातारा."

"फोनवर बसलेला म्हातारा आहे म्हणून सात गाड्या निघतात," ती म्हणाली. "आणि मला तुम्ही धडधाकट हवे आहात, कळलं?" तिचे डोळे भरून आले होते, आणि त्याचाही तिला राग आला होता.

तेवढ्यात फोन वाजला. गाण्याच्या बाई होत्या.

"मंगळवारी... म्हणजे, तुम्हीच येणार का न्यायला?"

"नाही," कंट्रोलर म्हणाले. "ऑपरेशन होईपर्यंत मी गाडी चालवणार नाही. मला दिसत नाही." हे वाक्य ते पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होते.

बाई घाईघाईने म्हणाल्या, "मग मंगळवार लिहा. आणि शुक्रवारही लिहा. मागचे राहिलेत ना."

"मागच्या वेळी तुमच्याकडे पाहुणे होते."

"कुठले पाहुणे, भाऊ! तुमच्या गाडीत बसायची भीती वाटायची, आणि तसं तुम्हाला तोंडावर सांगवत नव्हतं. एवढे आमच्यासाठी धावता तुम्ही. म्हणून घरीच बसले. आता गुडघा निम्माच वाकतोय."

एकतीस वर्षांत कंट्रोलरांनी एकही फेरी रद्द होऊ दिली नव्हती. इथे तीन फेऱ्या बुडाल्या होत्या, त्यांच्या एकट्यामुळे, आणि रजिस्टरात त्यांनीच सुंदर अक्षरात लिहून ठेवलं होतं: पाहुणे, सर्दी, पाहुणे.

त्यांनी रजिस्टर नाकाला लागेल इतकं जवळ घेऊन मंगळवार लिहिला, शुक्रवार लिहिला.

"चुकलं माझं, बाई," ते म्हणाले. "मंगळवारी मीही येतो. मागच्या सीटवर बसेन. तुम्हाला जिना उतरायला हात देईन."

"या ना," बाई म्हणाल्या. "मी जिन्यातला दिवा लावून ठेवते."