सिंहासनावरची चावी

शत्रुघ्न आणि हंसाचं भांडण मी भिंतीपलीकडून ऐकलं, त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. मुद्दाम नाही ऐकलं. आमच्या दोन घरांमधली भिंत एका विटेची, तिला मी काय करणार. हंसा म्हणत होती, सगळ्या जगाला पाणी तुमी सोडता आणि आपला पिंप अर्धा. आपल्या आळीची चावी पाच मिनिटं उशिरा बंद केली तर कोण फासावर चढवणार आहे? आणि शत्रुघ्न जेवता जेवता एवढंच म्हणत होता, "चाळीस म्हंजे चाळीस." मग तिने सांगितलं, उद्या तुमच्या आंघोळीला त्या चाळिसातलं काय उरतं ते बघा. दुसऱ्या दिवशी तो आंघोळ न करताच कामावर गेला. चावी मात्र चाळिसाव्या मिनिटालाच बंद केली. मी घड्याळ धरून बसले होते, कारण माझाही पिंप अर्धाच होता.

आमची आळी निर्मळच्या रस्त्याला. एका अंगाला केळीच्या वाड्या, दुसऱ्या अंगाला आता इमारती. कोपऱ्यावर जमिनीत एक खड्डा, त्यावर लोखंडी झाकण, आत पाण्याचे व्हॉल्व, आळीचा, इमारतींचा, चाळीचा. ते उघडायचे आणि मिटायचे ही शत्रुघ्नची नोकरी. कंत्राटदाराच्या हाताखाली. सकाळी नऊला आधी आमची आळी, मग इमारती, मग मागची चाळ. व्हॉल्वचं डोकं वापरून वापरून गोटीसारखं गुळगुळीत झालेलं. कंत्राटदाराची चावी त्यावर नुसती गरगरायची. म्हणून शत्रुघ्नने लोहाराकडून स्वतःची चावी करून घेतली होती. छातीएवढी उंच, वर आडवी मूठ, खाली त्या झिजलेल्या डोक्यावर घट्ट बसेल असं तोंड. चावी बसवायची, फिरवायची आणि मुठीला कान लावायचा. पाइपातलं त्याला ऐकू यायचं. "हवा हाय," म्हणायचा, नाहीतर "आलं" म्हणायचा. त्याचं चुकलेलं मला आठवत नाही.

पण इमारतीतल्या निम्म्या लोकांना त्याचं नाव ठाऊक नव्हतं. "ए पाणी" अशीच हाक. पाणी लवकर आलं तरी शिव्या, उशिरा आलं तरी शिव्या. रस्ता खणून ठेवला दुसऱ्याच कोणीतरी, शिव्या ह्याला, कारण खड्ड्याशेजारी उभा हाच दिसायचा. तीस वर्षं त्याने हे खाली मान घालून ऐकलं. उत्तर एकाच प्रश्नाला द्यायचा. कोणी विचारलं किती वाजता सोडणार, की मिनिटासकट सांगायचा.

मग तो उन्हाळा आला. मोठी लाइन कुठेतरी फुटली आणि चार दिवस थेंब नाही. समोरच्या इमारतीत लतिका राहते, सोसायटीची सेक्रेटरी, बँकेतून रिटायर झालेली, शिकलेली बाई. तिने झराबाबांना बोलावलं. हे बाबा म्हणे बारा वर्षं चिंचोटीच्या धबधब्यामागे तपाला बसले होते. पावसाळ्यात तिथे इतकी माणसं भिजायला येतात की उभं राहायला जागा नसते, तप कुठे केलं कोण जाणे. आता त्यांचा आश्रम कामणला एका गोदामात. दर गुरुवारी बस भरून बायका जायच्या.

बाबा दहाला येणार होते, अकराला आले. सोसायटीच्या फाटकाशी नळ आहे, त्याला हळदकुंकू लावलेलं. बाबांनी डोळे मिटले, नळावर तळवा ठेवला. नळ आधी खाकरला, मग शंखासारखा लांब घुमला, आणि पाणी आलं. लोक आडवेच झाले. बायका रडल्या. माझ्याशेजारी फ्लॉसी उभी होती, आमच्या आळीतली माझी मैत्रीण, दर रविवारी चर्चला जाणारी. ती मला म्हणाली, आमच्यात असं झालं तर फादर आधी चौकशी लावतात. म्हणाली आणि पिशवीतून बाटली काढून रांगेत उभी राहिली. मीही तिच्यामागे उभी राहिले. खोटं कशाला सांगू, हातही जोडले.

तेवढ्यात कोपऱ्यावरून शत्रुघ्न आला, चावी खांद्यावर, पायाला गुडघ्यापर्यंत चिखल. फाटकाशी प्रेशर कसं आहे ते बघायला रोज यायचा तसाच आला होता. लतिकाने त्याला आनंदाने सांगितलं, बाबांनी पाणी आणलं. तो सरळ माणूस. म्हणाला, चावी आताच मी फिरवली. बाबांनी डोळे उघडले आणि त्याच्याकडे असं बघितलं, जसं लेकराकडे बघावं.

"फिरवलीस. पण आज हाताला काही वेगळं वाटलं की नाही?"

शत्रुघ्नने विचार केला. चार दिवस बंद राहून व्हॉल्व घट्ट झाला होता, सगळं अंग टाकून फिरवावा लागला होता. म्हणाला, "मुंग्या आल्या, बाबा. खांद्यापर्यंत."

बाबा हसले. आणखी काही बोलायची गरजच उरली नाही. बाबांच्या गळ्यातला हार निघाला आणि त्या चिखलाच्या माणसाच्या गळ्यात पडला. एक बाई त्याच्या पायाशी वाकली. त्या दिवशी तो घरी आला तो हार घालूनच, आणि हंसाला म्हणाला, बाबांनी माझ्या हातून केलं. हंसा म्हणाली, मुंग्या तर तुमाला मागल्या दिवाळीपासून येतात, डाक्टरकडे चला म्हणून मी घसा कोरडा केला. पण तो ऐकण्याच्या पलीकडे गेला होता. हार त्याने खुंटीला टांगला. पार सुकून काळा झाला तरी काढू देईना.

मग दर गुरुवारी शत्रुघ्न कामणला. पुढच्या रांगेत त्याची जागा. लोक त्याला दादा म्हणायला लागले. निवडणूक जवळ आली होती, उभा राहणारा संग्राम आश्रमात यायला लागला, आणि चौकात भला मोठा फलक लागला. एका बाजूला बाबा, एका बाजूला हात जोडलेला संग्राम, मध्ये नळ. 'बाबांची कृपा, संग्रामदादांचे प्रयत्न, घरोघरी पाणी.' चावीही होती कोपऱ्यात. चावी धरलेला शत्रुघ्नचा हातही होता, पण कोपरापाशी फलक संपला. शत्रुघ्न प्रत्येकाला थांबवून दाखवायचा, हा हात माझा. मलाही तीनदा दाखवला. मी तिन्ही वेळा म्हटलं, छान आलाय.

दिवाळीनंतर सोसायटीच्या मैदानात बाबांचा आठ दिवसांचा उत्सव ठरला. लतिकाच्या मनात आलं की ती चावी सिंहासनावर ठेवायची. शत्रुघ्नला विचारलं तर त्याने स्वतः दोन्ही हातांवर धरून नेऊन दिली. चावीला दुधाने आंघोळ घातली, लाल कापड नेसवलं, गजरा माळला. मी नमस्कार केला तेव्हा एखाद्या बुटक्या नवरीसमोर वाकल्यासारखं वाटलं. आणि नियम असा की एकदा स्थापना झाली की आठ दिवस हात लावायचा नाही.

आता पुढे काय होणार हे केळीच्या वाडीतल्या पोरानेही सांगितलं असतं. पण त्या मंडपात दोनशे माणसं होती, डॉक्टर होते, वकील होता, कोणाच्या डोक्यात आलं नाही. पहिल्या दिवशी शत्रुघ्नने कंत्राटदाराची चावी लावली, ती निसटली आणि त्याची बोटं सोलली. दुसऱ्या दिवशी पाना लावून बघितला. तिसऱ्या दिवशीही सगळ्यांचे नळ कोरडेच. लोक कळशा घेऊन मंडपात आले आणि चावीपुढे पाण्यासाठी प्रार्थना करायला लागले. रांग रस्त्यापर्यंत. बाबा म्हणाले, पाणी तुमची परीक्षा बघतंय. संध्याकाळी संग्रामने भाषण केलं, विरोधकांनी कट करून आपलं पाणी अडवलं आहे. बोलताना त्याची पाठ सिंहासनाला लागत होती. टाळ्या पडल्या.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडे पुन्हा बोलणं सुरू झालं. हंसा म्हणाली, चावी तुमची, जाऊन उचला. तो म्हणाला, आता कशी उचलू, सगळ्यांसमोर सांगावं लागेल की त्या दिवशी बाबांनी काही केलं नव्हतं. मग सांगा, ती म्हणाली. बाज करकरली. मला वाटलं, झोपले.

मग तो म्हणाला, "हंसे, तीस वर्सं लोकांनी माज्या आयशीवरनं शिव्या दिल्या. आता पाया पडतात. सांगितलं की तेवढं संपलं."

हंसा उठली आणि फडकं फाडल्याचा आवाज आला. मी भिंतीपासून सरकले. असं काही ऐकायला बसले नव्हते मी.

चौथ्या दिवशी सकाळी तो ओट्यावर बसला होता, बोटांना फडकं बांधून. मागच्या चाळीतली संजना आली. बारा दिवसांची बाळंतीण, मूल सासूकडे ठेवून रिकामी बादली घेऊन आलेली. धुवायच्या लंगोटांचा ढीग पडला असणार. तिला मंडपाचं, परीक्षेचं काही ठाऊक नव्हतं. तिने नेहमीचंच विचारलं, "काका, आज किती वाजता सोडणार?"

शत्रुघ्नने मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. तोंड उघडलं. मिटलं. मग पुन्हा घड्याळाकडे बघितलं. आणि उठला.

मी चपला घातल्या आणि मागे निघाले, माझ्यामागे फ्लॉसी. मंडपात आरती चालली होती. तो सरळ वर चढला आणि चावीचा गजरा काढायला लागला. लतिका आडवी आली. दादा, काय करता, अजून चार दिवस आहेत, अनर्थ होईल. टाळ थांबले.

"ताई," तो म्हणाला, "त्या दिवशी पानी मी सोडलं. लाइन जोडल्याचा फोन मला साडेदहाला आलता. बाबांचा काय संबंध नाय. मुंग्या मला रोज येतात."

एवढं बोलून तो पुन्हा गजरा सोडवायला लागला. मला वाटलं, आता एकतर मंडप कोसळणार, नाहीतर ह्याला मार पडणार. तसलं काही झालं नाही. त्याच्यावर कोणी विश्वासच ठेवला नाही. अर्धे म्हणाले, बघा, मान मिळाला आणि अहंकार चढला. अर्धे म्हणाले, नाही, बाबाच त्याच्या तोंडून आपली परीक्षा बघत आहेत. वकिलाने दोन्ही म्हटलं.

सगळे बाबांकडे बघायला लागले. बाबा चार दिवस लतिकाच्या घरी तिसऱ्या मजल्यावर उतरले होते. चार दिवस तिथेही नळ कोरडा. जटा कपाळाला चिकटलेल्या, आणि जवळ जाणाऱ्याच्या नाकाला आतापर्यंत सगळं कळलेलंच होतं. त्यांनी एक हात वर केला आणि मोठ्याने म्हणाले, परीक्षा संपली, चावीला जाऊ द्या. जयजयकार उठला. त्या गोंधळात ते शत्रुघ्नकडे वाकले. मी पहिल्या रांगेतल्या खुर्चीत होते आणि माझे कान अजून धड आहेत.

"लवकर सोड रे," बाबा म्हणाले. "तिसऱ्या मजल्यापर्यंत चढू दे."

वीस मिनिटांत नळ घुमले. लोकांनी पुन्हा बाबांचा जयजयकार केला. संग्राम निवडून आला. उत्सवात उरलेले चार दिवस सिंहासनावर चावीचा फोटो ठेवला होता, त्यालाही रांग होती. शत्रुघ्नची कामणची जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. आठवडाभरात गॅलरीतून पुन्हा "ए पाणी" सुरू झालं. मी एकदा त्याला विचारलं, वाईट वाटतं का. "वाटतं ना, काकी," तो म्हणाला. "पन शिव्या देनारा निदान घड्याळ बघून देतो." घरी जाऊन त्याने तो काळा हार खुंटीवरून काढला आणि केळीच्या बुंध्याशी टाकला.

माझी आणि फ्लॉसीची, बाबांच्या नळावर भरलेली ती बाटली अजून आहे. आतलं पाणी हिरवं झालंय. फेकवत मात्र दोघींनाही नाही.

गेल्या माघात शत्रुघ्न गेला. दुपारी जेवून आडवा झाला, तो उठलाच नाही. चेहरा शांत होता, हंसाने सांगितलं, कुठे काही दुखल्याचं चिन्ह नव्हतं.

त्या सकाळी तो रोजच्यासारखाच आला होता. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. नऊ वाजता झाकण सरकवलं, चावी बसवली, फिरवली, मुठीला कान लावला. "आलं," म्हणाला, कोणाला उद्देशून नाही. आमची आळी झाली, मग इमारती, मग चाळ. शेवटी चावी उलटी फिरवून बंद केली तेव्हा तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून लतिका ओरडली, ए पाणी, आज प्रेशर एकदम कमी होतं. त्याने वर बघितलं, डोळ्यांवर हाताची सावली धरून.

"उद्या बघतो," म्हणाला.

मग पायाने झाकण सरकवून खड्ड्यावर आणलं, बसलं की नाही ते बघायला त्यावर दोनदा उभा राहिला, आणि चावी खांद्यावर टाकून घराकडे वळला.