तिच्या वाट्याचं अंडं

आमचं घर माळकरी. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची वर्षं ती. वरकुट्याला आमचा भाजीचा मळा, दारात दुभती म्हैस, आणि सात-आठ वर्षांची मी मात्र गोवरातून उठलेली, नुसती हाडं उरलेली. इंदापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, "पोरीला रोज एक अंडं द्या." आई म्हणाली, "अगं बाई! आमच्या घरात?"

मग तिनंच वाट काढली. आमच्या मळ्यात खुरपायला एक बाई यायची, मी तिला काकी म्हणायची; तिच्याकडं एक कोंबडी होती. रोज सकाळी मी तिच्या खोपटात जायचं, उकडलेलं अंडं तिथंच खायचं, चूळ भरून घरी यायचं. बदल्यात काही द्यायचं नाही. विकत घेतलं तर पाप आमच्या माथी. दुसरीनं खाऊ घातलं, तर आम्ही कुठं काय केलं? असलं मेलं आमचं सोवळं! ताकाचा तांब्यासुद्धा आईनं कधी तिकडं पाठवला नाही.

काकीला माझ्याच वयाची मुलगी होती. मी अंडं सोललं की ती टरफलं गोळा करायची आणि आत चिकटलेला पांढरा पापुद्रा चाटायची. मी पाठ फिरवून खायची. सगळं कळत होतं मला, लबाड होते मी.

एका सकाळी अंडं पुढ्यात ठेवून काकी म्हणाली, "दिवं लागायच्या वक्ताला पोरीला दिसंना झालंय गं. काल चुलीतच हात घातला तिनं. डाक्टर म्हणं, हिलाबी अंडी दे. निम्मं तिला देऊ का?"

स्वतःच्या कोंबडीचं अंडं, आणि ती मला विचारत होती! आणि मी काय म्हणावं? "मला अख्खं सांगितलंय. आईला सांगीन हं."

तिचं पोट आमच्याच मळ्यावर. ती काय बोलणार? "खा बाय," एवढंच म्हणाली. मी खाल्लं. दुसऱ्या दिवशी परत गेले, तिसऱ्या दिवशीही गेले.

पावसाळा सरायच्या आत त्या मुलीच्या डाव्या डोळ्यात फूल पडलं, तो डोळा गेलाच. मी चांगली टुणटुणीत झाले होते. "देवानंच वाचवली," आई गावभर सांगत सुटली. काकीनं कुणाजवळ चकार शब्द काढला नाही.

माझ्या लग्नात ती मुलगी आली. मान वाकडी करून, उजव्या डोळ्यानं माझं लुगडं न्याहाळत म्हणाली, "लई छान दिसतीस गं."

मला तिच्याकडं बघवलं नाही.