इस्त्रीवाल्याचा डावा हात

माझे भाऊजी इस्त्रीवाले. बाजारामागच्या गल्लीत एका टेबलाचं दुकान, आणि रुबाब मात्र गिरणीच्या मालकाचा. इस्त्री तापली का ते बघायला डाव्या हाताचं बोट थुंकीने ओलं करून तिच्या तळाला लावायचं, ही त्यांची जुनी सवय. बरेच इस्त्रीवाले असं करतात, पण चटका बसताच हात मागे घेतात. भाऊजींनी वर्षभरापासून हात मागे घेणं सोडलं होतं. बोट क्षणभर तिथेच ठेवून ते गिऱ्हाइकाकडे बघून हसायचे.

"बघा, कातडी कशी कमावलीय."

कसली कातडी! रक्तात वाढलेल्या साखरेने बोटांतली जाणीवच मारली होती. ताईने आणलेल्या गोळ्या कपाटात पडून होत्या. तिने विषय काढला की एकच उत्तर, "तू गप्प बस." मला त्यांचा संताप यायचा, आणि तरी मी तोंड उघडत नव्हतो.

एक दिवस बोट जरा जास्तच वेळ टेकलं, फोड आला, फुटला. भाऊजींनी चिंधी गुंडाळली आणि काम चालू ठेवलं. आठवड्याने पंजा सुजला, चिंधीला घाण वास सुटला. ताईने आणि मी त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं. साखर चारशे ऐंशी निघाली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जंतू कुणाच्याही जखमेत शिरतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून जातात आणि त्यांना गिळतात. यांच्या पेशी एवढ्या साखरेत सुस्तावल्यात. उशिरा पोचतात आणि पोचल्या तरी धड मारत नाहीत. आज बोट काढलं तर हात वाचेल."

"इस्त्री कुणीही फिरवेल," भाऊजी म्हणाले. "कापड सरळ करतो तो डावा हात. बोट देणार नाही. औषधं द्या, चार दिवस बघू."

"अहो, ऐका ना त्यांचं," ताई म्हणाली.

"तू गप्प बस."

ती गप्प बसली. मीही.

तिसऱ्या दिवशी ते तापात बरळायला लागले. हात कोपरापर्यंत लालभडक झाला होता. दवाखान्यात पोचेपर्यंत शुद्ध गेली. हात कापला नाही तर जीव जाईल, असा कागद पुढे आला.  ताईने पेन माझ्यापुढे धरलं.

"बायकोचीच सही लागते," मी म्हणालो. माझीही चालली असती, ते मला नर्सने आधीच सांगितलं होतं.

तिने सही केली.

शुद्धीवर आल्यावर भाऊजींनी चादर बाजूला केली.  मग विचारलं, "सही कुणी केली?"

"ताईने," मी लगेच सांगितलं.

याला दीड वर्ष झालं. जखम भरली, साखर ताब्यात आहे. आता इस्त्री ताई करते आणि ते शेजारी खुर्ची टाकून बसतात. नवं गिऱ्हाईक आलं की बाही वर करून दाखवतात आणि तिच्यादेखत सांगतात, "हिने कापायला लावला." ताई पुढचा शर्ट ओढून घेते.