आशाबाईच्या ओसरीवरचं पाणी

बोरदरीच्या आशाबाईला शहरातल्या सभांमध्ये 'पर्यावरण योद्धा' म्हणायचे. शाल द्यायचे, नारळ द्यायचे. आशाबाईला त्या शब्दाचा वीट आला होता. योद्ध्याला लढाईवर जाताना निदान कुणी भाकरी तरी बांधून देतं. हिला पहाटे सगळ्या घराचा स्वयंपाक करायचा, मग काकासाहेबांच्या मोसंबीच्या बागेत रोजंदारीवर जायचं, आणि त्यातून अंगात जीव उरलाच तर लढायचं.

बिडकीनहून आत वळलं की बोरदरी लागतं. वरच्या अंगाला गाव, खालच्या अंगाला बौद्धवस्ती, आणि दोन्हींच्या कडेनं जाणारा ओढा. ओढ्याच्या उगमाकडं एक रंगाचा कारखाना आला. आत कुठला रंग बनतो हे कुणाला विचारावं लागायचं नाही, ओढा बघितला की कळायचं. पाणी उताराला धावतं, त्यामुळे घाण पहिल्यांदा वस्तीच्या विहिरीत उतरली. डाळ शिजेना. भांड्यांवर पिवळी पुटं चढली. लेकरं अंग खाजवून रक्त काढायला लागली. तेव्हा गाव गप्प होतं. पुढं काकासाहेबांच्या बागेतली झाडं शेंड्याकडून वाळायला लागली आणि मग गावाला एकदम पर्यावरण आठवलं.

आशाबाईनं त्यावरून एक टोमणा मारला नाही. उलट तीच काकासाहेबांच्या दारात गेली. काकासाहेब म्हणजे गावातलं मोठं घर, बसायला गाडी, शब्दाला वजन. ते सोबत असले तर कचेरीतला शिपाई निदान बाकड्यावर बसू देतो, हे तिनं पुरतं ओळखलं होतं. तोवर ते तिला 'आशे' म्हणायचे. आंदोलन उभं राहिलं आणि 'आशाबाई' म्हणायला लागले. बैठका आशाबाईच्या ओसरीवर व्हायच्या, कारण तिथून विहीर समोर दिसायची. काकासाहेब वेळेवर यायचे, एकुलत्या एका खुर्चीत बसायचे, कारखानदाराच्या सात पिढ्या उद्धरायचे. चहापाण्याचं विचारलं की हात हलवून म्हणायचे, "नको नको, आत्ताच घेऊन आलो." वस्तीचं पाणीच तसलं, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. पुढं वस्तीत बिडकीनच्या फिल्टरच्या पाण्याचे जार यायला लागले. तरी काकासाहेब आपले आत्ताच घेऊन आलेले असायचे.

शहरातून मंजुषा यायची. एका संस्थेत काम करणारी पोरगी, शिकलेली, पण उन्हाला न भिणारी. तिनं एकदा वस्तीला 'क्लायमेट जस्टिस' समजावून सांगितलं. म्हणजे असं की, जे लोक घाण करत नाहीत त्यांच्याच वाट्याला घाण आधी येते, ऊनही त्यांनाच आधी लागतं आणि पाणीही त्यांचंच आधी आटतं. आशाबाईची सासू गोजरबाई भिंतीला टेकून ऐकत होती. ती म्हणाली, "पोरी, ह्ये आमाला नवं हाय व्हय?"

तक्रारी झाल्या, धरणं झालं, विहिरीचं पाणी बाटल्यांतून कचेरीत नेऊन टेबलावर मांडून झालं. तपासणीला माणसं येणार म्हटलं की कारखान्याला आधीच कळायचं आणि ओढा कसा आंघोळ करून बसल्यासारखा निर्मळ दिसायचा. विहिरीच्या पाण्याची बाटली शहरात जायची आणि पास होऊन यायची. कशी पास व्हायची, ते त्या बाटलीलाच ठाऊक.

शेवटी मोठी चौकशी समिती यायचं ठरलं. ही समिती विहीर खराब आहे म्हणाली तर ओढ्यात घाण सोडणारा कारखान्याचा नळ बंद होणार होता. नाही म्हणाली तर पुन्हा कुणी दारात उभं करणार नव्हतं. आशाबाईनं बैठकीत सांगितलं, "आता बाटल्या बास. साहेबाला म्हनायचं, पानी चांगलं हाय ना, मंग प्या. आमच्या म्होरं प्या."

"ते पिणारच नाहीत," मंजुषा उसळून म्हणाली, "आणि ते नाही म्हणतात हेच आपण शूट करू!"

काकासाहेबांनी मांडीवर थाप मारली. बेत एकदम पक्का झाला. इतक्या वर्षांचं सगळं भांडण एका ग्लासावर येऊन उभं राहिलं.

समिती आली त्या सकाळी आशाबाईनं विहिरीचं पाणी शेंदून तांब्या भरला, वर ताटली झाकली आणि ओसरीच्या कोपऱ्यात ठेवला. मग सासूला बजावलं, "आत्याबाई, साहेबाला पानी मीच देनार. तुमी कशाला हात लावू नका." गोजरबाईनं मान हलवली.

या गोजरबाईचं थोडं सांगायला पाहिजे. नवी नवरी म्हणून ती बोरदरीत आली तेव्हा वस्तीला विहीर नव्हती. गावच्या विहिरीपाशी लांब उभं राहायचं, कुणाला दया आली तर वरून घागरीत धार सोडायचे. दया यायला कधी कधी दुपार व्हायची. बहात्तरच्या दुष्काळानंतर तिच्या नवऱ्यानं, धोंडिबानं, वस्तीतली माणसं गोळा केली आणि खडक फोडून ही विहीर काढली. पाणी लागलं त्या दिवशी गोजरबाई म्हणे चारदा हंडा भरून आली, घरात ठेवायला भांडं नव्हतं तरी. कारखान्यानं नासवली ती ही विहीर. पण विहीर आपली झाली तरी दुसरं काही बदललं नव्हतं. तलाठी आले, ग्रामसेवक आले, मतं मागणारे तर ढिगानं आले. ओसरीवर बसले, पाठीवर हात ठेवला, जय भीम म्हणाले. पाणी मात्र कुणी मागितलं नाही.

ऊन भाजत होतं. पांढऱ्या गाड्या थांबल्या. आशाबाई, मंजुषा, काकासाहेब, सगळे समितीला घेऊन विहिरीकडं गेले. समितीचे मोठे साहेब जरा जाड, वयानं उतरलेले. ते अर्ध्या वाटेवरून परत फिरले आणि धापा टाकत ओसरीवर येऊन बसले. मागून एक चॅनेलवाला कॅमेरा घेऊन आलाच. साहेबांनी घाम पुसला आणि समोरच्या म्हातारीला म्हणाले, "आजी, घोटभर पाणी द्या हो."

आशाबाई विहिरीवरून परत आली तेव्हा तिला दिसलं ते असं. गोजरबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला होता. घरातला एकच पितळी पेला, चिंचेनं घासून लख्ख केलेला, तिच्या दोन्ही हातांत होता. आत जारची तोटी अजून टपकत होती. कोपऱ्यातल्या तांब्यावरची ताटली जागची हललेली नव्हती. साहेबांनी पेला घेतला, तोंडाला लावून प्यायले आणि पुन्हा पुढं केला. "गोड पाणी आहे की आजी. अजून द्या."

आशाबाईला तिथंच ओरडता आलं असतं. पण तिनं सासूचं तोंड बघितलं. लग्न होऊन आल्यापासून तिनं ते तोंड असं कधी बघितलं नव्हतं, धोंडिबा जिवंत असतानाही नाही. दुसरा पेलाही रिकामा होईपर्यंत ती अंगणातच थांबली.

मग ती धावली. तांब्या पुढं धरून म्हणाली, "साहेब, ते जारचं हाय! विहिरीचं ह्ये बघा. ह्ये प्या!"

साहेब हसले. "बाई, आता पोटात जागा नाही. दोन पेले झाले की तुमच्याच घरचे." गाडीचं दार लागलं.

संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होतं. पदर घेतलेली म्हातारी, पितळी पेला, आणि साहेब म्हणताहेत, गोड पाणी आहे की आजी. आशाबाईचं ओरडणं त्यात नव्हतं. साहेबांनीच पाणी पिऊन दाखवलं म्हटल्यावर बोरदरीची तक्रार निकाली निघाल्यातच जमा होती. मंजुषा फोनवर आधी भांडली आणि नंतर रडली. आशाबाईला रडूही येईना. तिनं चुलीपुढं बसून सासूला एवढंच विचारलं, "सांगितलं हुतं ना मी?"

"व्हय, सांगितलं हुतं."

"मंग?"

"मला समदं ठावं हुतं गं," गोजरबाई म्हणाली. "पर माज्या दारात जन्मात पयल्यांदा कुनी पानी मागितलं. त्याला इख देऊ व्हय?"

आशाबाईच्या मनात सासूबद्दल संताप होता आणि माया होती, आणि दोन्हींचं करायचं काय ते तिला कळत नव्हतं. ती तशीच अर्धपोटी उठली.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात काकासाहेब तणतणत आले. आज खुर्चीतही बसले नाहीत. "आशे," ते अंगणातूनच ओरडले, "तुझ्या म्हातारीनं वाटुळं केलं समद्यांचं! माझी बाग गेली. एवढी वर्षं तुमच्या वस्तीत येऊन बसलो, ते ह्याच्यासाठी व्हय? एक पानी राखता आलं नाय तुमाला!"

आशाबाई माफी मागणार होती. सकाळपासून ती शब्द जुळवत होती. पण ते 'आशे' कानावर आलं आणि जुळवलेले शब्द तिथंच राहिले.

काकासाहेब बरंच बोलले. बोलून बोलून त्यांच्या घशाला कोरड पडली, ते खाकरायला लागले. तेवढ्यात गोजरबाई आतून आली. तिच्या हातात कालचाच पितळी पेला होता, काठोकाठ भरलेला.

"ऊन लई हाय, काकासाहेब. पानी घ्या."

"घ्या," आशाबाई म्हणाली. "जारचं हाय. तुमच्या घरी येतो, तोच जारवाला देतो आमाला."

काकासाहेबांनी पेल्याकडं बघितलं. ओठांवरून जीभ फिरवली. मग नजर काढून विहिरीकडं बघत म्हणाले, "नको. आत्ताच घेऊन आलो."

आणि ते निघून गेले. गाडीचा आवाज वेशीपलीकडं जाईपर्यंत गोजरबाई पेला घेऊन तशीच उभी होती. मग सुनेकडं वळून म्हणाली, "आता सांग. काल मी त्या साहेबाला न्हाय म्हनायचं हुतं व्हय?"

काल परत झाकून ठेवलेला तो तांब्या कोपऱ्यात तसाच होता. आशाबाईनं तो उचलला आणि विहिरीचं पाणी अंगणात ओतून टाकलं. वास बराच वेळ गेला नाही.