बातमी ब्रेक करायला शिकलो त्याची गोष्ट

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी स्टोअर सांभाळतो. परदेशी गिऱ्हाईक वारंवार यायला लागलं, तसं मालकांनी आम्हा चौघांना स्पोकन इंग्लिशच्या क्लासला धाडायला सुरुवात केली. पंचेचाळिशीत बाकावर बसायचं, आणि शिकवायला चंदगडकडची, माझ्या भाचीच्या वयाची मॅडम. शब्द सुटे पाठ करू नका, जोडीनं पाठ करा, असं ती म्हणायची. कुठला शब्द कुणाबरोबर नांदतो ते कळलं की इंग्रजी आलं. इथवर मला पटत होतं. सोयरीक आम्हालाही कळते.

मग एके दिवशी आलं ‘ब्रेक द न्यूज’. अर्थ, बातमी सांगणे. एवढंच वहीत उतरवलं आणि दुसऱ्या दिवशी मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन झोकात म्हणालो, "सर, आय हॅव टू ब्रेक द न्यूज." सरांनी हातातला चहा खाली ठेवला.

"कोण गेलं?"

"कुणी न्हाई सर, वाळूचा टेम्पो आलाय."

पुढं आठवडाभर वाळूचा टेम्पो आला की कारखान्यातली माणसं दुखवट्याला यावं तशी तोंडं पाडून मला भेटायला यायची.

क्लासमध्ये मी तणतणलो. मॅडम म्हणाली, "अहो काका, टेम्पोसाठी नाही ते. ऐकणारा हादरेल अशी बातमी असली की वापरायचं. त्याला बसवायचं, शांतपणे खरं ते सांगायचं, आणि मग थांबायचं." म्हणजे शब्दाबरोबर रीतही शिकायची होती. आणि ती आमच्या रीतीच्या पार उलटी.

आमच्या भावकीत कुणी वारलं की परगावी दिलेल्या लेकीला तसं कळवत नाहीत. "जरा सिरीयस हाईत, सलाईन लावलंय," एवढंच सांगायचं आणि गाडी घेऊन तिला आणायला जायचं. ती आल्याशिवाय मयत उचलत नाहीत. दारातली माणसं बघितली की तिचं तिला कळतं. या कामाला गेली पंधरा वर्षं मलाच धाडतात, कारण माझ्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं, उलट जबाबदार माणूस म्हणून थोडी ऐटच होती. आता मात्र डोक्यात किडा वळवळायला लागला. इतकी वर्षं मी त्या बायकांना सांभाळून आणत होतो, की फसवून? मॅडमला विचारलं तर तीच गोंधळली. म्हणाली, "आमच्याकडं पण असंच करतात, काका. पुस्तकात मात्र तसं आहे."

त्याच महिन्यात माझे चुलते गेले. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. त्यांची एकुलती एक लेक गारगोटीला दिलेली, माझ्याच अंगाखांद्यावर वाढलेली. सकाळी दहाला आबांनी डोळे मिटले आणि सव्वादहाला कुणीतरी माझ्या हातात गाडीची किल्ली ठेवली. हल्ली या कामात एक काम वाढलंय. माणूस गेला की आंघोळीचं पाणी तापायच्या आत लोकांच्या स्टेटसला फोटो आणि भावपूर्ण श्रद्धांजली. म्हणून निघतानाच तिच्या नवऱ्याला फोन करून, तिचा मोबाईल काढून ठेवा, आबा दवाखान्यात आहेत, सलाईन लावलंय, एवढंच तिला सांगा, असं सांगितलं.

गारगोटीला पोचलो तर ती पिशवी भरून तयारच होती. पिशवीत वर आबांसाठी घेतलेला नवा स्वेटर. "दवाखान्यात पंख्याखाली गारठत्यात," म्हणाली. नवरा मागून मोटारसायकलवर येणार होता. गाडीत बसली आणि बोलतच सुटली. आबांना जेवण जात नाही, डॉक्टर बदलायला पाहिजे, गेल्या खेपेला भाकरी करपली म्हणून कसे फुगून बसले. मी नुसतं हूं हूं करत होतो. सांगावं तर हिला वाटेत काही झालं म्हणजे? न सांगावं तर घर येईपर्यंत मी हिच्या तोंडावर खोटं बोलणार. इकडं आड तिकडं विहीर.

मुदाळ तिट्ट्यावर शहाळ्यांची गाडी दिसली.

"दादा, थांबीव. आबांस्नी दोन शहाळी घिऊया. सलाईन सुटलं की द्यायला."

ती उतरली आणि एकेक शहाळं हातात घेऊन, कानाशी हलवून, पाणी किती आहे ते बघायला लागली. माझ्यानं बघवेना. शहाळेवाल्याला थांब म्हणालो. तिला बाकड्यावर बसवलं, हात धरला आणि शांतपणे सांगितलं, "आबा सकाळीच गेलं." आणि मग थांबलो, अगदी शिकवल्याबरहुकूम. त्या क्षणी मला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं, त्याची आज लाज वाटते.

ती रडली नाही. समोरच्या शहाळ्यांकडं बघत म्हणाली, "म्हाईत हाय मला."

"आं? कधीपास्नं?"

"ह्यांनी चार्जिंगला म्हणून माझा मोबाईल न्हेला, तवापास्नं. आणि मग तू आलास. दादा, तू कुणाच्या दारात उगंच येतोस व्हय?"

वाटभर ती जे बोलली ते काय होतं मग? आणि हा स्वेटर?

"मग शहाळी कुणाला घेत हुतीस?" मी विचारलं.

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"घर यायला अजून तासभर हुता की रं. तासभर माझं आबा जित्तं ऱ्हायलं असतं. तेवढंबी तुला बघवलं न्हाई?"