भुलाबाईचा डबा

आईला हॉटेलात न्यायचं मी ठरवलं ते काही लाडानं नव्हे. माझी पुण्याला बदली झाली होती. ती मी स्वतः अर्ज करून मागून घेतली होती, आणि हे आईला सांगायचं राहिलं होतं. घरात आम्ही दोघीच. घरी सांगितलं असतं तर ती रडली असती. चार लोकांत मात्र ती कधी रडत नाही, म्हणून हे चहाचं निमित्त.

रायपूरच्या एका जुन्या तलावाकाठी सरकारी विश्रामगृह होतं. बरीच वर्षं बंद होतं, आता डागडुजी करून त्याचं हॉटेल केलंय. खांब तेच, व्हरांडा तोच, फरशीसुद्धा घासूनपुसून तीच बसवलेली. मला यातलं काही धड दिसत नव्हतं. तेलीबांध्याच्या घरून ऑटोत बसल्यापासून सांगायचं वाक्यच मनात जुळवत होते. मॅनेजर बिचारा मोठ्या हौसेनं भिंतीवरचे जुने फोटो दाखवत होता आणि मी त्याच्यावर खेकसायचंच काय ते बाकी होतं.

आई सरळ मागच्या बाजूला गेली. तिथं तलावात उतरणाऱ्या पायऱ्या आहेत. तिच्या लहानपणी पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, पोरी भुलाबाई पाण्यात शिरवायला इथंच येत. भुलाबाई हा आमच्याकडचा, मूळ विदर्भातला, मुलींचा सण. रोज संध्याकाळी एकेकीच्या घरी मातीच्या मूर्तीपुढे गाणी म्हणायची आणि शेवटी झाकलेला डबा वाजवून आतली खिरापत ओळखायची. नाहीच ओळखता आलं तर ‘हरलो’ म्हणायचं, मग घरची बाई डबा उघडते. आई म्हणे कधीच हरली नाही.

"इथून चौकीदार हाकलत होता आमाले," ती पायऱ्यांकडे बघत म्हणाली. "आता खुर्च्या देऊन राहिले!"

पाण्याजवळच्या टेबलावर बसलो. मी फोन पालथा घातला, चमचा इकडचा तिकडे केला, उगाच दोनदा उठून हात धुऊन आले. बोलायला तोंड उघडलं की भलतंच बाहेर पडे. "हवा अच्छी है ना आज?" असं काहीतरी.

वेटरनं चहा आणला आणि सोबत झाकणाचं एक पितळी भांडं. तो झाकण उचलणार तोच आई म्हणाली, "थांबा भैया." आणि दोन्ही हातांनी भांडं कानाशी धरून तिनं चक्क खडखड वाजवलं. पलीकडच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"टणक आहे. बेसनाची ठेठरी... नाही, ठेठरी अशी गडगडत नाही. खुरमी!"

झाकण काढलं तर खुरमीच. गव्हाच्या पिठाची, गुळाची, आमच्या इथल्या सणासुदीची. "माताजी, आपने तो कमाल कर दिया," वेटर म्हणाला. आई इतकी खुलली की आता सांगणं मला पाप वाटायला लागलं.

"और चाय लोगी?" मी विचारलं.

आईनं हातातली खुरमी बशीत ठेवली. "सकाळपासून हिंदी बोलून राहिली तू. खोटं बोलायचं असलं की तुले हिंदी सुचते, शाळेपासूनचं आहे हे. काय लपवून राहिली?"

"काही नाही."

"थांब, मीच ओळखते." तिनं माझं मनगट धरलं. "डॉक्टरनं काही सांगितलं का तुले?"

माझं मनगट ती सोडेचना. म्हणजे इतके दिवस ती माझ्या आजाराची शंका मनात घेऊन वावरत होती, आणि मी समोर बसून चमचे हलवत होते. मला स्वतःची चीड आली.

"नाही गं आई. मले काय धाड भरली!"

तिनं ग्लासभर पाणी एका दमात संपवलं. "मग बदली."

"हो. पुण्याले. पुढच्या महिन्यात."

ती रडली नाही. "हव," म्हणाली. "एवढंच ना? मग तोंड पाडून काहून बसली?" आणि खुरमी खायला लागली. मी सुटले. उगाचच जीव टांगणीला लावला म्हणून थोडा रागही आला.

खुरमी संपवून तिनं हात पुसले. पाण्याकडे बघतच म्हणाली, "अन मी?"

सुटल्याच्या आनंदात माझी जीभ घसरली. मी म्हणाले, "ओळख."

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"हरली मी," ती म्हणाली. "तूच उघड."

पुण्यात मी एकटीपुरती खोली बघून ठेवली होती. दुसरी खाट तिथं मावत नाही. त्या खोलीचे फोटो माझ्या फोनमध्ये होते, आणि टेबलावर पालथा पडलेला तो फोन सरळ करायचा मला धीर होईना.